पिवळा मीटर, २६० रुपये, आणि अण्णांची मारुती

हा मीटर घेऊन मला आठ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर एक स्टार दिला असता, तोही रंग बरा आहे म्हणून. आज साडेतीन देतेय. दीड कुठे कापला ते पुढे येईलच.

वस्तू अशी: हाताच्या पंजाएवढा पिवळा डिजिटल मल्टिमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात 'आठशेतीस द्या' म्हटलं की हाच काढून देतात. डब्यावर मॉडेलचा नंबर आहे, कंपनीचं नाव शोधून सापडत नाही. मला २६० ला पडला, आतला नऊ व्होल्टचा सेल धरून. दुकानदाराने बाराशेचाही एक दाखवला होता, आपली आपण रेंज लावणारा. मी म्हटलं, गाडीची किंमत काय, मीटरची काय, राहू दे.

गाडी म्हणजे अण्णांची मारुती ८००. १९९७ ची, कार्बोरेटरवाली. अण्णा गेल्यावर भावाने 'विकून टाकू' म्हटलं होतं, पण मी आंबापोळी, कोकम, मेतकूट असलं सगळं घरी करते आणि महिन्यातून दोनदा आंबा घाटातून कोल्हापूरला पोचवते. एसटीत आठ खोके चढवून बघा एकदा, मग गाडी का ठेवली ते कळेल. घर रत्नागिरीत, मिऱ्याच्या बाजूला. खारा वारा चोवीस तास. आमच्याकडे खिडकीच्या बिजागऱ्या पाच वर्षांत हातात येतात, तर गाडीच्या पत्र्याची काय कथा.

दुखणी दोन होती. एक, गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक. दोन, मागचा डावा दिवा लहरी. त्यातही एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा डाव्या इंडिकेटरचा बाण मंदसा उजळायचा. इंडिकेटर दिलेलाच नाही, तरी. मला वाटायचं भास होतोय.

एका संध्याकाळी साखरप्याला चहाला थांबले तर मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. 'ताई, डावा ब्रेकलाईट लागत नाही तुमचा. वर धुकं आहे, कुणीतरी येऊन बसेल पाठीवर.' त्या रात्री घाट मी पार्किंग लाईट आणि देवाच्या भरवशावर चढले.

गॅरेजवाल्याने (नाव लिहीत नाही, गावात राहायचं आहे) बॅटरी न तपासताच 'बॅटरी गेली' म्हणून सांगितलं. नवीन घातली. जुनी त्याने बदल्यात घेतली, त्यामुळे ती खरोखर गेली होती की नाही हे आता ब्रह्मदेवालाही कळणार नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा टकटक. मग म्हणे, 'आख्खं वायरिंग बदलावं लागेल, बारा हजार धरा.'

भाचा पॉलिटेक्निकला आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, 'आत्या, बारा हजार देण्याआधी एक मीटर घे. तुझ्या गाडीत ना कॉम्प्युटर ना सेन्सर. बॅटरी आहे, तारा आहेत, दिवे आहेत आणि पत्रा आहे. करंट तारेतून जातो आणि पत्र्यातून परत येतो. येताना कुठे अडतो तेवढंच बघायचं.'

तर मीटर. मधल्या चकतीवर वीसेक खुणा आहेत आणि पहिल्यांदा बघितल्यावर देव्हाऱ्यातलं श्रीयंत्र वाटतं. गाडीसाठी त्यातल्या तीन-चारच लागतात. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ, ही बॅटरीची वीज. लाटेची खूण म्हणजे घरातली. बॅटरी लाटेच्या बाजूला मोजली की भलताच आकडा येतो, आणि मी तोही खरा मानून अर्धा दिवस काढलाय. गाडीत जवळजवळ सगळं काम सरळ रेघेच्या २० वर होतं. डावीकडे नुसता १ दिसला तर आकडा रेंजमध्ये मावत नाही, मीटर बिघडलेला नाही. हे डब्यातल्या कागदावर होतं, पण मुंगीच्या अक्षरात.

खाली तीन भोकं आहेत. काळी वायर कायम 'कॉम'मध्ये. लाल एरवी मधल्या भोकात, आणि तिसरं भोक १० अॅम्पिअरचं. आता माझा पराक्रम ऐका. आदल्या दिवशी भाच्याने अॅम्पिअर मोजून दाखवले होते आणि लाल वायर त्या तिसऱ्या भोकातच राहिली होती. सकाळी मी एकटीच, मोठ्या उत्साहाने बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेले. लाल पिन प्लसला, काळी मायनसला. चर्र आवाज, ठिणग्या, आणि जळक्या प्लास्टिकचा वास. हात आपोआप मागे आला म्हणून निभावलं. पिनेचं टोक काळं, वायर मऊ पडलेली, आणि बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा. झालं होतं असं, की त्या भोकामागे आत नुसता जाड तारेचा तुकडा असतो. म्हणजे मी मीटर लावलाच नव्हता, बॅटरीची दोन टोकं तारेने जोडली होती. त्या भोकाला आत फ्यूज नाही, आणि तसं बाजूला लिहिलेलंही आहे. वाचणाऱ्याने वाचायचं.

बारा व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण भाजतं. तेव्हापासून बॉनेट उघडायच्या आधी बांगड्या काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवते. सोन्याची बांगडी एका बाजूने प्लसला आणि दुसऱ्या बाजूने पत्र्याला टेकली तर काय होईल याचा नमुना मी पिनेवर पाहिलाय. मीटर मात्र जिवंत राहिला, हे त्याच्या बाजूने लिहिते. वायरींची जोडी नवीन, ७० रुपये.

नव्या वायरी आल्यावर बॅटरीचं नीट बघितलं. रात्रभर उभी राहिलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असली तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली की चार्जिंगला न्यायची. माझी चालवून आणल्यानंतर रात्रभर ठेवून १२.५८. भाच्याने सेल्फ मारला तेव्हा १०.२ पर्यंत उतरली. ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर नाहीतर टर्मिनलच्या जोडावर संशय घ्यायचा. इंजिन चालू असताना १४.१. हा आकडा १३.८ ते १४.५ मध्ये असला की डायनॅमो चार्ज करतोय. पाच मिनिटांत कळलं की बॅटरी ठीक, चार्जिंग ठीक. हेच गॅरेजमध्ये पाच मिनिटं घालवून बघता आलं नसतं का? असो.

आता त्या डाव्या दिव्याकडे येते, कारण साडेतीन स्टार खरे तिथेच ठरले.

डिकी उघडली, दिव्याचं होल्डर फिरवून बाहेर काढलं, बल्ब काढला. भाच्याला सीटवर बसवून ब्रेक दाबायला लावलं. होल्डरमध्ये लाल पिन मधल्या टोकाला, काळी बाजूच्या पत्र्याला. मीटर म्हणतो १२.२. म्हणजे करंट येतोय, म्हणजे बल्ब गेला! नवीन बल्ब आणला, लावला, तोच मंद तांबडा उजेड. दुसऱ्या दुकानातून दुसरा बल्ब आणला, तेच. मग मीटर बीपवर लावून (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजते ती खूण) अर्थची, म्हणजे करंट पत्र्याकडे परत नेणारी, काळी वायर तपासली, एक पिन होल्डरच्या पत्र्याला, दुसरी डिकीच्या कुलपाच्या हुकाला. बीप वाजली. म्हणजे अर्थही ठीक. करंट ठीक, अर्थ ठीक, बल्ब नवा, आणि दिवा लागत नाही. त्या संध्याकाळी मी मीटर टेबलाच्या खणात टाकला आणि बारा हजारांचा विचार करू लागले.

स्टँडच्या बाजूला एक म्हातारे चाचा टपरीत रिक्षांचं वायरिंग करतात. सहज विचारलं तर त्यांनी मीटरकडे नुसतं बघितलं आणि हसले. 'ताई, हा मीटर करंट पीतच नाही. बल्ब पितो. बल्ब लावून बघा.' मग त्यांनी इंडिकेटरचा एक २१ वॉटचा बल्ब, एक होल्डर, दोन हात वायर आणि दोन क्रोकोडाइल क्लिपा घेऊन समोर टेस्टलॅम्प बनवून दिला. ६० रुपये. चहा त्यांनीच पाजला.

घरी येऊन तोच टेस्टलॅम्प त्याच जागी लावला, जिथे मीटर १२.२ दाखवत होता. उदबत्तीच्या टोकासारखा तांबडा. मग एक क्लिप होल्डरच्या अर्थवरून काढून कुलपाच्या हुकाला लावली, आणि डिकी उजळून निघाली.

आमच्या घरी वरच्या मजल्यावर पाणी येतं तेव्हा नळाला बोट लावून दाबून धरलं की जोर जाणवतो, बोट काढलं की करंगळीएवढी धार. पाईपात गंज बसलाय. नळ बंद असताना जोर पुरा असतो, कारण पाणी वाहतच नसतं. मीटरचंही तेच. तो इतका थोडा करंट घेतो की गंजक्या जोडातूनही त्याचं भागतं, आणि तो इमानदारीत १२ सांगतो. ब्रेकच्या बल्बला पावणेदोन अॅम्पिअर लागतात, आणि ते मागितले की जोड हात वर करतो. बीपचीही हीच गत. चार ओहमचा गंज असला तरी बीप खुशाल वाजते.

म्हणून मीटर टाकाऊ का? तर उलट. भाच्याला पुन्हा विचारलं तेव्हा त्याने पद्धत सांगितली आणि मीटर खणातून बाहेर आला. बल्ब होल्डरमध्ये लावलेला, ब्रेक दाबलेला, म्हणजे करंट वाहत असतानाच मोजायचं. लाल पिन होल्डरच्या अर्थच्या वायरला, काळी पिन कुलपाच्या हुकाच्या स्वच्छ लोखंडाला. दोन्ही बाजू अर्थच्याच, म्हणजे फरक जवळजवळ शून्य यायला हवा. ०.२ पर्यंत चालतं.

५.३८.

म्हणजे बारातले सव्वापाच व्होल्ट त्या एका अर्थच्या जोडातच अडकून पडत होते, बल्बला उरलंसुरलं. आणि बाणाचं कोडंही सुटलं. ब्रेकच्या करंटला पत्र्याकडे जायची वाट अडलेली होती, म्हणून त्यातला काही इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरून पुढच्या इंडिकेटरमार्गे पत्र्याला मिळत होता, जाता जाता बाण उजळवत. एक दिवा लावला आणि दुसराच मिणमिणला, की आधी अर्थ बघायचा, असं मी आता शेजारच्यांनाही सांगत फिरते.

काळी वायर हाताने चाचपडत गेले. ती डिकीच्या डाव्या कोपऱ्यात गालिच्याखाली एका स्क्रूला लावलेली. गालिचा उचलला तर खाली ओल. स्क्रूवर हिरवट पांढरी बुरशी, थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली, स्क्रूसाठी भोक असलेली पट्टी) भोकाची कडा खाऊन गेलेली, आणि त्याखालचा पत्रा तपकिरी भुगा. दहाचा पाना लावला, अर्धा फेरा फिरला आणि स्क्रूचं डोकं हातात आलं. बाजूला दोन बोटांवर नवीन भोक पाडून घेतलं. पत्रा सँडपेपरने चांदीसारखा पांढरा होईपर्यंत घासला, वायर इंचभर कापून नवीन थिंबल दाबून बसवला, स्क्रू आवळला आणि वरून व्हॅसलीनचा जाड थर दिला. व्हॅसलीन आवळल्यानंतर लावायचं, आधी नाही, जोड धातूला धातू भिडूनच झाला पाहिजे. पुन्हा ब्रेक, पुन्हा तीच मोजणी. ०.०३. बाण गप्प. खर्च थिंबलचे ५ रुपये, सँडपेपर १५, व्हॅसलीन घरचं.

दुसरं दुखणं, चार दिवसांत बॅटरी उतरण्याचं, यात मात्र टेस्टलॅम्प नाही, मीटरच कामाला आला. चावी बंद, दारं बंद, बॉनेट उघडं. बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवून ते टोक आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर. ह्या वेळी लाल वायर मुद्दाम १० अॅम्पिअरच्या भोकात. अशी जोडणी असताना सेल्फ मारायचा विचारही करू नका, सेल्फ शंभराच्या वर अॅम्पिअर ओढतो, मीटरचा पापड होईल. आकडा आला ०.४३. चावी बंद असताना, जुन्या साध्या गाडीत, इथे जवळजवळ काहीच दिसायला नको. हिशेब करा, ०.४३ गुणिले २४, दिवसाला दहा अॅम्पिअर-तास. बॅटरी ३५ ची. चौथ्या दिवशी टकटक, अगदी बरोबर.

मग एकेक फ्यूज काढून बघायचा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या लाईनवर. सगळे काढले. आकडा तसाच. भाचा म्हणाला, 'म्हणजे फ्यूजबॉक्सला न विचारता कुणीतरी जेवतंय.' बॅटरीच्या प्लसवर मोठ्या वायरीबरोबर एक पातळ लाल वायर होती, काळ्या टेपने गुंडाळलेली. तिचा माग काढत गेले तर ती निघाली थेट अण्णांच्या कॅसेटच्या टेपपाशी. अण्णांनी कधीतरी हा टेप बाहेरून बसवून घेतला होता आणि बसवणाऱ्याने वायर सरळ बॅटरीवरून मारली होती, मध्ये फ्यूजसुद्धा न घालता. बटण बंद, पण आतून चालूच. वायर सोडवली, मीटर ०.००.

त्या वायरीला आता फ्यूज होल्डर घातलाय आणि ती चावीवर घेतलीय. टेप मंद झालाय, कॅसेट गुरगुरत वाजते, पण काढला नाही. बॅटरी सहा महिने एकदाही उतरली नाही.

आता मीटरच्या तक्रारी. वायरी कडक आणि आखूड. पिन बोथट, गंजावरून सटकते, दाबून ओरबाडल्याशिवाय आकडा स्थिर राहत नाही. दुसऱ्या जोडीची लाल वायर तिसऱ्या महिन्यात प्लगपाशी आतून तुटली, आणि बाहेरून काही दिसत नाही म्हणून तासभर मी गाडीला दोष देत होते. आता काही मोजायच्या आधी दोन पिना एकमेकींना टेकवून बघते. टेकवल्यावर माझा २०० ओहमवर ०.७ दाखवतो, हे त्याच्या स्वतःच्या वायरींचंच, त्यामुळे बारीकसारीक ओहम मोजायला तो निरुपयोगी. आपोआप बंद होत नाही, विसरलात की नऊ व्होल्टचा सेल गेला. माझे दोन गेले. पडद्यामागे उजेड नाही, डिकीत मोबाईल तोंडात धरून वाचावं लागतं. यासाठी एक स्टार कापला. उरलेला अर्धा तिसऱ्या भोकासाठी. शिकणाऱ्याच्या हातात देण्याच्या वस्तूत तिथे फ्यूज असायला हवा होता.

आणि हा मीटर घरातल्या प्लगात घालू नका. डब्यावर काहीही छापलेलं असो, ह्या पातळ पिना २३० व्होल्टसाठी माझ्या हातात मला नकोत. गाडी, स्कूटर, इन्व्हर्टरची बॅटरी, इथवर ठीक.

घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी बरोबर घ्या: वायरींची एक जास्तीची जोडी, २१ वॉटच्या बल्बचा टेस्टलॅम्प, आणि ब्रेक दाबायला कुणीतरी. तिसरं दुकानात मिळत नाही. माझ्या भाच्याला मी दर वेळी उकडीचे मोदक कबूल केलेत.

सध्या नवीन प्रकरण सुरू आहे. पाऊस पडला आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो. परवा बाजारात वळताना एका काकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्टिअरिंगच्या खांबातली वायर कुठेतरी घासून पत्र्याला टेकत असणार असा भाच्याचा अंदाज आहे. शनिवारी येतोय तो. तांदळाचं पीठ दळून ठेवलंय.